सर्व्हर तुमच्या नावावर आहे ना, मग अपडेटही शिकून घ्या

या आठवड्याच्या व्हिडिओत सर्व्हर अपडेट करताना माझी स्क्रीन दाखवली आहेच. इथे त्यामागचं मत सांगते.

आधी एक स्पष्ट करते. तुमचं दुकान शॉपिफायवर किंवा साध्या शेअर्ड होस्टिंगवर असेल, तर सर्व्हरचं काम कंपनी बघते, तुम्हाला यात काही करायचं नाही. पण महिन्याचं भाडं भरून स्वतःचा व्हीपीएस घेतला असेल, तर त्यातलं उबुंटू अपडेट करायची जबाबदारी तुमची. बऱ्याच जणांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

"चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?" प्रत्येक बॅचमध्ये हे वाक्य येतंच. मला ते पटत नाही. दोष दुरुस्त करणारं अपडेट आलं, की तो दोष काय होता हेही जगाला कळतं, चोरांना सुद्धा. अमेरिकेतली इक्विफॅक्स बघा. अपाची स्ट्रट्समधल्या दोषावरची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये आली होती, ती लावायची राहिली आणि मे महिन्यापासून चोर आत शिरले. सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. तुमच्याकडे कोटी नसतील, पाचशे गिऱ्हाइकांचे फोन नंबर आणि पत्ते असतील. त्यांनी ते तुमच्या भरवशावर दिलेत.

आता प्रत्यक्ष काम. होस्टिंगच्या पॅनेलमधून आधी स्नॅपशॉट घ्या. हे वगळून पुढे जाऊच नका. मग एसएसएचने लॉगिन करा आणि टीमक्स सुरू करा. आपल्याकडे लाइट आणि नेट कधी जाईल सांगता येत नाही. टीमक्स असेल तर कनेक्शन तुटलं तरी सर्व्हरवरचं काम चालू राहतं, नाहीतर इन्स्टॉलेशन अर्धवट लटकतं. ‘सुडो एपीटी अपडेट’ ही कमांड फक्त यादी ताजी करते. नाव अपडेट असलं तरी काहीच बदलत नाही, आणि इथेच बरेच जण खूश होऊन बाहेर पडतात! खरं काम ‘सुडो एपीटी अपग्रेड’ करते. मध्येच ती विचारेल, सेटिंगची फाइल जुनी ठेवू की नवी घेऊ? समजत नसेल तर जुनीच ठेवा. नंतर लॉगिन करताना सिस्टम रीस्टार्ट हवा असं दिसलं, तर गिऱ्हाईक कमी असतं त्या वेळी रीस्टार्ट करा. कर्नल डिस्कवर नवा आलेला असला तरी तोवर जुनाच चालत असतो. शेवटी स्वतः एक ऑर्डर टाकून पेमेंटपर्यंत जाऊन बघा.

डेव्हलपर म्हणतील, मालकाने यात पडू नये. त्यांचं अर्धं बरोबर आहे. पीएचपीचं व्हर्जन बदलणं, उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर जाणं, ही त्यांचीच कामं, पैसे देऊन करून घ्या. पण होस्टिंगचं खातं आणि रूट लॉगिन तुमच्या हातात हवं. मी बीबीए केलंय, इंजिनिअरिंग नाही. महिन्यातून अर्धा तास मलाही जमतो.

लॉगिन केल्यावर व्हर्जनचा आकडाही बघत जा. २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला. त्यावर एपीटी बिनतक्रार चालतं, अपडेट करायला काही नाही असंही सांगेल. ते ऐकून निवांत बसू नका, नेहमीच्या दुरुस्त्या यायच्याच बंद झाल्यात.

सुरक्षेची अपडेट आपोआप घेणारं ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ उबुंटूमध्ये असतं, ते चालू ठेवा. मात्र ते वर्डप्रेसच्या प्लगिनना हात लावत नाही. ती डॅशबोर्डवरून वेगळी करावी लागतात, पुढच्या व्हिडिओत तेच घेतेय.