सुट्टीचे चार दिवस : नर्मदाकाठचे महेश्वर

दिवाळीची सुट्टी जवळ येऊ लागली की या सदराच्या वाचकांची पत्रे येऊ लागतात, आणि त्यांतील बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : चार-पाच दिवस मुलामाणसांसह कोठे जावे? थंड हवेची प्रसिद्ध ठिकाणे पत्रलेखकांस ठाऊक असतातच. किंबहुना तेथे उतरण्याच्या जागेसाठी दारोदार हिंडून आणि मोटारींच्या रांगेत अर्धा दिवस घालवून ते परत आलेले असतात. म्हणून ‘एखादे लहानसे, रम्य गाव सुचवावे’ अशी पुस्ती पत्राच्या शेवटी जोडलेली असते.

लहान गाव सुचविणे वाटते तितके सोपे नाही. पाहण्यासारखे पुष्कळ असेल तर राहण्याची सोय नसते. सोय असेल तर दुसऱ्याच दिवशी मुले कंटाळतात. आणि दोन्ही जमले तर वृद्ध माणसांच्या गुडघ्यांस तेथील चढउतार मानवत नाही. माझ्या पाहण्यातील जे गाव या कसोट्यांवर बहुतांशी उतरले, ते मध्य प्रदेशातील महेश्वर. ‘बहुतांशी’ असे म्हणतो, कारण गुडघ्यांच्या बाबतीत ते उतरले नाही. त्याची हकीकत पुढे येईलच.

आम्ही तेथे गेलो त्यास एक घरगुती कारण होते. आमचे थोरले बंधू बडोद्यास असतात, बहीण जबलपुरास आणि मी आईसह पुण्यास. वडिलांच्या मागे वाईचे घर विकले गेले. विकावे की ठेवावे यावरून आम्हा दोघा भावांत जे बोलणे झाले, त्यानंतर तीन वर्षे आमचा पत्रव्यवहार आईच्या प्रकृतीपुरताच उरला होता. पूर्वी दिवाळीस सर्वजण वाईस जमत; आता जमावे कोठे? कोणाच्याही घरी जमणे म्हणजे एकाने दुसऱ्याकडे जाणे आले, आणि तेच नेमके अवघड झाले होते. तेव्हा ताईने नकाशा पुढे घेतला आणि तिघांसही मध्ये पडेल असे इंदूर निवडले. महेश्वर आईने निवडले. तिच्या लग्नातील एक महेश्वरी लुगडे अद्याप तिच्यापाशी होते, आणि ते जेथे विणले गेले ते गाव एकदा पाहावे, एवढीच तिची इच्छा होती.

इंदुराहून महेश्वर सुमारे नव्वद किलोमीटर आहे. रस्ता महूवरून जातो. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचे हे जन्मस्थान. तेथे अर्धा तास अवश्य थांबावे. पुढे मानपूरचा घाट लागतो आणि माळव्याचे पठार सोडून आपण निमाडच्या सखल प्रदेशात उतरतो. हवा पालटते, शेतांत कापूस आणि मिरची दिसू लागते. धामणोदला मुंबईकडे जाणारा हमरस्ता सोडून डावीकडे वळले की पाऊण तासाच्या आतच नर्मदेच्या उत्तर तीरावरील किल्ल्याचे बुरूज दृष्टीस पडतात.

गाव लहान आहे. एक बाजारपेठ, तिच्यातून किल्ल्याकडे चढणारा रस्ता, वर वाडा आणि खाली घाट. एवढाच त्याचा विस्तार. नदीकाठी राज्य पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे, आणि गावात साध्या खोल्याही मिळतात. किल्ल्याच्या एका भागात होळकर घराण्याच्या वंशजांनी अतिथिगृह थाटले आहे. ते फार देखणे आहे, पण आपल्यासारख्यांनी ते बाहेरूनच पाहावे हे बरे.

वाडा पाहून प्रथम थोडी निराशा होते, आणि ती होणे योग्यच आहे. राजधानीचा राजवाडा म्हणून आपण काही निराळे मनात धरून जातो. समोर येतो तो लाकडी खांबांचा, चौकाभोवती ओसऱ्या असलेला एक मराठी वाडा. वाई-साताऱ्याकडील माणसास तो परका वाटत नाही. येथे एका बैठकीच्या जागी अहिल्याबाईंची गादी जपून ठेवली आहे. चौंडी येथे इ.स. १७२५ मध्ये जन्मलेल्या या स्त्रीचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. सासरे मल्हारराव १७६६ मध्ये वारले. पुत्र मालेराव पुढच्याच वर्षी गेला. त्यानंतर १७९५ पर्यंत, म्हणजे सुमारे अठ्ठावीस वर्षे, त्यांनी याच गावातून राज्य चालविले. या दरबारातून पुण्यास जाणारी वृत्ते पुढे ‘महेश्वर दरबारची बातमीपत्रे’ या नावाने छापली गेली आहेत. जिज्ञासू वाचकाने ती चाळल्यास या लहानशा गावात हिंदुस्थानभरचे राजकारण कसे येऊन पोहोचत असे, याची कल्पना येते.

आणि येथून काय बाहेर गेले? हा अंक काशीस वाचला जात असेल तर विश्वेश्वराचे आजचे मंदिर इ.स. १७८० च्या सुमारास अहिल्याबाईंनी बांधविले, हे वाचकांस ठाऊक असेलच. गयेचे विष्णुपद मंदिर त्यांचेच, सोमनाथाचे एक मंदिरही त्यांचे. देशाच्या कानाकोपऱ्यांत त्यांनी घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधविल्या. आपल्या मुलांनी यांपैकी काहीतरी पाहिलेले असते. ज्या ओसरीवरून त्याची आज्ञा निघाली, ती येथे पाहावयास मिळते. मात्र या कीर्तीच्या जोडीला एक गोष्ट मुलांना सांगावयास हवी. इ.स. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि एकुलती एक कन्या मुक्ताबाई सती गेली. एवढ्या अधिकाराच्या स्त्रीस आपल्या मुलीला थांबविता आले नाही. आमची आई त्या गादीसमोर बराच वेळ उभी होती. काय वाटले, असे मी विचारले नाही.

किल्ल्यातून घाटावर उतरावयास उंच दगडी पायऱ्या आहेत, आणि येथेच आमचे अडले. उतरताना अहिल्येश्वराचे देवालय आणि विठोजी होळकरांची छत्री लागते. छत्री पाहताना हे स्मरणात असावे की या विठोजीस इ.स. १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने पुण्यात हत्तीच्या पायी दिले, आणि त्याचा सूड म्हणून बंधू यशवंतराव होळकर पुढील वर्षी पुण्यावर चालून गेले. दगडांवरील कोरीव काम इतके नाजूक आहे की आमची पुतणी तेथून हलेना. आई मात्र वरच्या पायरीवर थांबून खाली वाहणारी नदी पाहत राहिली. ‘तुम्ही जाऊन या, मी येथूनच पाहते,’ असे ती म्हणाली. वाईस गणपतीच्या घाटावर जिचे सारे आयुष्य गेले, तिने नर्मदेचा घाट वरून पाहावा, हे कोणासच बरे वाटेना.

एका दुकानदाराने आपली हात असलेली लाकडी खुर्ची आणून दिली. पुढच्या बाजूस दादा आणि मागच्या बाजूस मी, अशी ती आम्ही उचलली. पायऱ्या उतरताना खुर्ची सरळ ठेवावयाची तर पुढच्याने हात उंच धरावे लागतात आणि मागच्यास वाकावे लागते. शिवाय दोघांचे पाऊल एकाच वेळी पडावे लागते. पहिल्या दहा पायऱ्यांत ते पडेना. मग दादा ‘हं’ म्हणू लागला आणि त्या ‘हं’वर मी पाऊल टाकू लागलो. तीन वर्षांत तो माझ्याशी इतके सलग प्रथमच बोलत होता. आई डोळे मिटून बसली होती आणि मध्येच म्हणाली, ‘अरे, भांडी नेताय का देव? जरा हळू.’ खाली पोहोचल्यावर तिघांसही घाम फुटला होता, त्यातील एक केवळ बसून होती तरी!

घाटावर करावयाचे काय, असे मुले विचारतील. पहिल्या दिवशी आमच्यांनीही विचारले. दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन तेथे गेली. अहिल्या घाट, पेशवे घाट, फणसे घाट असे एकास एक लागून घाट आहेत. सकाळी धुणी, स्नाने आणि पूजा, दुपारी शुकशुकाट, सायंकाळी दिवे. नावेतून नदीच्या मध्यभागी असलेल्या बाणेश्वराच्या लहान देवळापर्यंत जाऊन येता येते. नावाड्याकडून तरंगण्याची जाकिटे मागून घ्यावीत. तो नको म्हणाला तर दुसरी नाव पाहावी. प्रवाहाच्या खालच्या अंगास काही अंतरावर सहस्रधारा आहे. सहस्रार्जुनाने आपल्या हजार हातांनी नर्मदा अडविली आणि ती त्याच्या बोटांमधून निसटली, अशी तेथील कथा. भूगोलाच्या भाषेत सांगावयाचे तर काळ्या कातळाने नदीचे अनेक प्रवाह केले आहेत. तेथील खळाळत्या पाण्यात अलीकडे नौकांच्या राष्ट्रीय स्पर्धा भरतात.

पैलतीरास नावडातोली नावाचे खेडे आहे. डेक्कन कॉलेजचे डॉक्टर ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इ.स. १९५२-५३ मध्ये आणि पुन्हा १९५७ ते १९५९ या काळात तेथे उत्खनन केले, आणि साडेतीन हजार वर्षांहून जुनी वस्ती उजेडात आली : गोल झोपड्या, रंगीत नक्षीची मडकी, जळून टिकून राहिलेले गहू, मसूर आणि वरच्या थरांत तांदूळ. आज तेथे पाहावयास टेकाडाशिवाय विशेष काही नाही. तरी पण नावेतून जाताना मुलांना ते टेकाड दाखवून ही हकीकत सांगावी.

आता आईच्या लुगड्याविषयी. अहिल्याबाईंनी बाहेरून विणकर आणून येथे वसविले, अशी परंपरा सांगतात. महेश्वरी वस्त्राच्या काठांवरील नक्षीत चटई, वीट, हिरा, लहर असे प्रकार असतात, आणि घाटाच्या दगडांकडे नीट पाहिल्यास त्यांतील कित्येक तेथे कोरलेले आढळतात. विसाव्या शतकात ही कला मावळू लागली होती. इ.स. १९७९ मध्ये होळकर घराण्यातील रिचर्ड आणि सॅली होळकर यांच्या पुढाकाराने ‘रेवा सोसायटी’ स्थापन झाली, स्त्रियांना मागावर बसविण्यात आले, आणि मागांची खटखट गावात पुन्हा ऐकू येऊ लागली. ही खटखट आजही गल्ल्यांतून चालताना कानी पडते.

एका वृद्ध विणकराने आईचे लुगडे हातात घेतले, काठ उलटून पाहिला आणि ‘चटई’ एवढेच म्हटले. मग त्याने आम्हांस खरे वस्त्र ओळखण्याची खूण सांगितली, ती वाचकांसाठी येथे देतो. महेश्वरीचा पारंपरिक काठ दोन्ही अंगांनी नेसता येईल असा विणलेला असतो. उलट्या बाजूस लोंबते धागे दिसले किंवा नक्षी केवळ छापलेली असली, तर दुकानदार काहीही सांगो, ते वस्त्र खाली ठेवावे. यंत्रमागावरील नक्कल याच बाजारात, याच नावाने विकली जाते. साध्या हातमागाच्या साडीसही कित्येक दिवसांची मेहनत लागते, तेव्हा फार स्वस्त मिळाली तर आनंद मानू नये. त्या विणकराचा मुलगा पीथमपूरच्या कारखान्यात जातो. ‘तेथे पगार महिन्याचा महिन्यास मिळतो,’ असे विणकर म्हणाला. या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. ‘नऊवारी मागणारे आता फार येत नाहीत,’ असेही तो म्हणाला, आणि आईने लगेच एक सांगून ठेवली. ती नेसून कोठे जाणार, हे तिला कोणी विचारले नाही.

जेवणाविषयी थोडे. सकाळी पोहे-जिलेबी मिळते. मराठी माणसास पोहे ओळखीचे वाटतील, त्यांवरील शेव आणि बडीशेप मात्र नवी. निमाडी घरगुती जेवण मिळाले तर अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी मागावी, आणि पानांत गुंडाळून भाजलेले मक्याचे पानिये मिळाल्यास सोडू नयेत. तिखट बेताने, कारण हा मिरचीचा मुलूख आहे.

एक दिवस मांडवगडास द्यावा. अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. जहाज महालात गच्चीवरचे पावसाचे पाणी वळणावळणाच्या दगडी पन्हळीतून हौदात उतरविलेले आहे. ते पाहून आमचा दहा वर्षांचा भाचा इमारतीपेक्षा त्या पन्हळीवरच अधिक खूश झाला. रूपमतीच्या सज्जावरून स्वच्छ दिवशी दूरवर नर्मदेची रेघ दिसते. रस्त्याच्या कडेस गोरखचिंचेचे अवाढव्य बुंधे आहेत. ही झाडे मूळची आफ्रिकेची. ओंकारेश्वरही एका दिवसात होण्याजोगे आहे, पण तेथील गर्दी पाहता वृद्धांस नेताना विचार करावा. नर्मदाकाठीच रावेरखेडी येथे थोरल्या बाजीरावाची समाधी आहे, इ.स. १७४० च्या एप्रिलमध्ये ते येथे वारले. तेथे आम्ही गेलो तेव्हा आमच्याखेरीज कोणीही नव्हते.

जाण्याचा काळ दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचा. शाळांस सुट्टी असते म्हणून मे महिन्यात निमाडात जाऊ नये. ऊन सोसवत नाही. मांडवगड मात्र श्रावणात पाहावा. रविवार टाळावा, कारण इंदुरातील मंडळी त्या दिवशी लोटतात. महाशिवरात्रीस यात्रा असते; ज्यांस यात्राच हवी असेल त्यांनी तेव्हा जावे. नदीत साबण लावून स्नान करणारे प्रवासी आम्हांस दिसले, आणि दुःखाची गोष्ट ही की त्यांतील बरेच आपल्यासारखेच शिकलेसवरलेले होते.

आम्ही चार दिवस राहिलो आणि आईस रोज सायंकाळी घाटावर नेले. खुर्चीच्या मालकाने भाडे घेतले नाही. शेवटच्या दिवशी वर चढताना दादा मागे होता आणि मी पुढे. अर्ध्या वाटेवर खुर्ची टेकवून आम्ही विसावा घेतला, तेव्हा वाईच्या घरातील तुळशीवृंदावन नव्या मालकांनी ठेवले आहे का, असे त्याने मला विचारले. ठेवले आहे, असे मी सांगितले. मग त्याने हात पुसले आणि आम्ही पुन्हा खुर्ची उचलली.

नऊवारी दीड महिन्याने टपालाने आली. काठ चटईचाच आहे.