नववीचा उंबरठा



जयंतीच्या व्यासपीठावर आपण दरवर्षी हायस्कूल पूर्ण करून विद्यापीठाकडे निघालेल्या मुलामुलींचा सत्कार करतो. ते योग्यच आहे. परंतु त्याच सभागृहात मागच्या रांगेत आणखी काही मुले बसलेली असतात. ती आठवीत असतात आणि उन्हाळ्याची सुट्टी संपताच मिडल स्कूल सोडून हायस्कुलात पाऊल टाकणार असतात. त्यांच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. आपल्या समाजाने सर्वांत अधिक लक्ष याच मुलांकडे द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या पिढीच्या मनावर दहावीच्या बोर्डाचा ठसा खोलवर उमटलेला आहे. नववी म्हणजे दहावीच्या आधीचे एक वर्ष, एवढेच तिचे महत्त्व आपण मानीत आलो. अमेरिकेत मात्र नववी हे हायस्कूलच्या चार वर्षांतील पहिले वर्ष होय. विद्यापीठाकडे जाणाऱ्या गुणपत्रकात नववीपासूनची नोंद असते. शिकागो येथील संशोधक एलेन ऑलेन्सवर्थ व जॉन ईस्टन यांनी 2005 साली दाखवून दिले की, नववीअखेर ज्यांचे पुरेसे क्रेडिट जमले आहेत आणि मुख्य विषयांत जे एकाहून अधिक सत्रांत नापास झालेले नाहीत, अशा विद्यार्थ्यांची चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता इतरांच्या साडेतीन पटींहून अधिक असते. आपल्याकडे दहावी गाजावाजा करून येते. इथे तेच काम नववी मुकाट्याने करून जाते.

गणिताचेच उदाहरण घ्या. जो विद्यार्थी आठवीत अल्जिब्रा पूर्ण करतो, तो नेहमीच्या क्रमाने बारावीत कॅलक्युलसपर्यंत पोहोचतो. जो नववीत अल्जिब्रा सुरू करतो, त्याला उन्हाळी वर्गात किंवा एका वर्षात दोन विषय घेऊन ती दरी भरून काढावी लागते. अभियांत्रिकीची किंवा विज्ञानाची वाट पुष्कळदा अशी तेराव्या-चौदाव्या वर्षीच वळते. आणि हा निर्णय बहुधा आठवीच्या उत्तरार्धात, घरी आलेल्या एका विषयनिवडीच्या कागदावर होतो.

येथे मला माझी चूक कबूल केली पाहिजे. माझ्या मुलाचा तो कागद आला तेव्हा मी रात्रपाळी करून परतलो होतो. न वाचताच मी सही केली. शाळेने एका चाचणीवरून त्याला खालच्या वर्गात टाकले होते. अकरावीत तो मला म्हणाला, “बाबा, माझे मित्र कॅलक्युलस घेणार. मला नाही मिळणार.” माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्या रात्री मला माझे वडील आठवले. गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून सातवी उत्तीर्ण होऊन मी तालुक्याच्या हायस्कुलात गेलो, तेव्हा ते एका दिवसाची मजुरी बुडवून माझ्यासोबत आले होते. त्यांना सहीपलीकडे लिहिता येत नव्हते. हेडमास्तरांच्या खोलीबाहेर ते तासभर उभे राहिले आणि आत गेल्यावर एवढेच म्हणाले, “गुरुजी, पोराला पुढच्या बाकावर बसवा.” एका निरक्षर मजुराने जे केले, ते वैद्यकीय पदवीधराला करता आले नाही.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य म्हणून ती वाट त्यांच्यासाठी बंद करण्यात आली आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या परिश्रमाने आत्मसात केले. त्यांची वाट व्यवस्थेने अडविली होती. आमच्या मुलांच्या वाटा आमच्याच दुर्लक्षामुळे अडाव्यात, यासारखी खेदाची गोष्ट नाही.

तथापि, लक्ष देणे म्हणजे पहारा ठेवणे नव्हे. डॉक्टर या नात्याने मला हे आवर्जून सांगावेसे वाटते. वयात येताना मुलांचे शारीरिक घड्याळ पुढे सरकते आणि झोपेची वेळ सुमारे दोन तासांपर्यंत लांबते. रात्री अकराच्या आत डोळा न लागणे हा दर वेळी आळस नसतो. या वयात आठ ते दहा तासांची झोप आवश्यक असते. म्हणूनच अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2014 साली मिडल स्कूल व हायस्कूल सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत, अशी शिफारस केली. कॅलिफोर्नियात तसा कायदा 2019 साली होऊन हायस्कुलांना 2022 पासून लागूही झाला. आपल्याकडे मात्र बाबासाहेबांच्या अठरा तास अभ्यासाचा दाखला देऊन चौदा वर्षांच्या मुलाची झोप मोडली जाते. त्यांच्या ज्ञाननिष्ठेचे अनुकरण जरूर व्हावे. वाढत्या मेंदूची उपासमार करून ते साधणार नाही.

दुसरी बाब मनाची. आयुष्यात उद्भवणाऱ्या मानसिक विकारांपैकी निम्म्यांचा आरंभ चौदाव्या वर्षापर्यंत झालेला असतो, असे 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन पाहणीत आढळले. चौदा म्हणजे नेमके नववीचे वय. जुने मित्र वेगळ्या वर्गांत विखुरतात, शाळा अवाढव्य भासते आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कोणाशेजारी बसावे, हाच मोठा प्रश्न होऊन बसतो. माझ्या दवाखान्यात मी मुलाला विचारतो, “शाळा कशी चालली आहे?” आणि उत्तर आई देते, “अगदी छान, डॉक्टरसाहेब!” मुलगा बुटांकडे पाहत असतो. मी पालकांना थोडा वेळ बाहेर बसण्याची विनंती करतो, तेव्हा काहींना राग येतो. परंतु दार लागल्यावर पुष्कळदा मुलाच्या डोळ्यांत पाणी येते. हा एकांत पालकांविरुद्ध नसतो. वार्षिक तपासणीचा तो एक भाग आहे. नैराश्याची चाचणीही बारा ते अठरा या वयात व्हावी, अशी इथली अधिकृत शिफारस आहे. मनाच्या आजारात लाज वाटण्यासारखे काही नाही. संकटाच्या वेळी 988 हा क्रमांक घरातील प्रत्येकाला ठाऊक असावा.

म्हणून पालकांना माझी नम्र विनंती आहे. विषयनिवडीचा कागद वाचल्याशिवाय सही करू नका. कागद गेला असेल, तरी शाळेच्या कौन्सेलरची भेट मागा. एका कौन्सेलरमागे 250 विद्यार्थी असावेत, हा त्यांच्याच संघटनेचा दंडक बहुतेक ठिकाणी पाळला जात नाही. तेव्हा आपण न विचारता कोणी आपल्या मुलाची विचारपूस करील, ही आशा व्यर्थ आहे. आणि घरी रोज पहिला प्रश्न गुणांचा नको. “आज जेवायला कोणाबरोबर बसलास?” एवढेच विचारा व उत्तराची वाट पाहा.

आपल्या संघटनेनेही पुढील वर्षीपासून आठवीतील मुले, त्यांचे पालक आणि हायस्कूल पार केलेली आपलीच थोरली मुले यांना फेब्रुवारीत, सह्या होण्याआधी, एकत्र बसवावे. सत्काराच्या हारांहून हे काम स्वस्त आहे आणि अधिक मोलाचे आहे. ‘शिका’ हा आदेश आपण मुलांना देतो. या बाबतीत तो आधी आपण पालकांनी पाळावयाचा आहे.

जयभीम!