ओझरच्या कारखान्याचा धडा

परदेशी लढाऊ विमान कोणाकडून घ्यावे, याची चर्चा आपल्याकडे किंमत, वेग आणि राष्ट्रांची मैत्री यांपुढे सहसा जात नाही. विमानाबरोबर विद्या किती येणार, हा प्रश्न मागे राहतो. ओझरच्या कारखान्याचा इतिहास तोच प्रश्न पुढे आणतो.

अमेरिका आपले एफ-१०४ देण्यास राजी नसताना १९६२ साली सोव्हिएत संघाने मिग-२१ बांधण्याचा परवाना देऊ केला. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री आणि नाशिकचे खासदार असताना, १९६४ मध्ये निफाड तालुक्यात हा कारखाना सुरू झाला. मिग-२१, मिग-२७ आणि पुढे सुखोई-३० ही विमाने येथील कामगारांनी घडवली. सुखोईच्या बाबतीत तर कच्च्या मालापासून भाग तयार करण्यापर्यंत मजल गेली. ही कमाई लहान नाही. तरीही मूळ आराखड्यावरचा हक्क परक्याकडेच राहिला. परवाना वस्तू कशी करावी हे शिकवतो. ती तशीच का केली, हे शिकवत नाही.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने उड्डाण केले. आराखडा स्वदेशी, इंजिन अमेरिकन. २०२१ मध्ये मागणी नोंदवलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिले मिळाले मार्च २०२५ मध्ये. १९६१ साली प्रथम उडालेल्या आपल्या ‘मारुत’चा घातही योग्य इंजिनाच्या अभावानेच झाला होता. १९८९ मध्ये मंजूर झालेले कावेरी इंजिन तेजसला अखेर बसवता आले नाही. साठ वर्षांत दुखणे बदललेले नाही.

म्हणून विक्रेता निवडताना सरकारने तीन अटींवर अडून बसावे : इंजिनाच्या तंत्राचे खरे हस्तांतर, विमानात बदल करण्याचा व आपली शस्त्रे जोडण्याचा अधिकार, आणि सुट्या भागांची कामे येथील लहान कारखान्यांना. यासाठी किंमत अधिक मोजावी लागेल, विलंबही होईल, आणि हवाई दलाची निकड खोटी नाही. परंतु स्वस्तात घेतलेले परावलंबन पुढे प्रत्येक दुरुस्तीत व्याजासह वसूल होते.

करारातील या अटी संसदेपुढे आल्या पाहिजेत. पैसा जनतेचा आहे, आणि एक मागणी संपली की पुढचे काम कोठून येणार, ही चिंता ओझरच्या कामगाराची आहे. त्याच्या हाताला कौशल्य आहे. देशाने आता त्याला स्वतःचे इंजिन द्यावे.