स्वमग्न नातवंड आणि परदेशातील शाळा

रिसोडला रेल्वे नाही. वाशिम किंवा अकोला गाठावे, तेव्हा गाडी मिळते. तरीही इथल्या व्यापारी घरांतली मुले पुणे-बंगळूरची पायरी चढून पुढे न्यू जर्सी, टोरांटो, लंडन आणि मेलबर्नपर्यंत जाऊ लागली आहेत. त्यांच्या नोकरीची, घराची, गाडीची वार्ता सोयाबीनच्या भावाबरोबरच दुकानाच्या गादीवर सांगितली जाते. एक वार्ता मात्र गादीवर येत नाही. सून फोनवर हळू आवाजात सांगते, की बाळ अडीच वर्षांचे झाले तरी हाकेला वळून पाहत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, बोलू लागलेले दोन-चार शब्दही विसरले आहे आणि तासन्‌तास खेळण्यातल्या मोटारीचे चाक फिरवत बसते. तिथल्या डॉक्टरांनी ‘ऑटिझम’ हा शब्द उच्चारलेला असतो.

मराठीत या अवस्थेला स्वमग्नता म्हणतात. १९४३ मध्ये बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अमेरिकेत ११ मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आणि वैद्यकशास्त्रात या अवस्थेचा स्वतंत्र विचार सुरू झाला. मेंदूच्या जडणघडणीतील ही भिन्नता आहे. तो कोणाच्या दृष्टीचा, लाडाचा किंवा दुर्लक्षाचा परिणाम नव्हे. पुढे अनेक वर्षे आईच्या कोरडेपणाला दोष दिला गेला. ते मत शास्त्राने टाकून दिले आहे. गोवराच्या लसीशी संबंध जोडणारा १९९८ चा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. तेव्हा सुनेला दोष देणे आणि लस थांबवणे, या दोन्ही गोष्टी निराधार आहेत.

अशा वेळी रिसोडहून बहुधा दोन उत्तरे जातात. पहिले : “त्याचे वडीलही उशिराच बोलले होते.” दुसरे : “त्याला इकडे पाठवा, चार माणसांत राहिला की बोलू लागेल.” दोन्हींमागे माया आहे, हे निर्विवाद. परंतु या वयात वेळ हेच भांडवल असते. भाषा, संवाद आणि स्वावलंबनाचे प्रशिक्षण जितके लवकर सुरू होईल तितका त्याचा लाभ अधिक. परदेशात ज्या सेवेवर मुलाचा कायदेशीर हक्क आहे, ती सोडून वर्षभर वाट पाहणे म्हणजे ते भांडवल खर्ची घालणे होय. म्हणून तो हक्क कोणत्या देशात किती आहे, हे आजी-आजोबांनीही जाणून घ्यावे.

अमेरिकेत १९७५ पासून अपंग मुलांच्या शिक्षणाचा केंद्रीय कायदा आहे. तीन वर्षांखालील मुलासाठी राज्याची शीघ्र-हस्तक्षेप सेवा असते. तीन वर्षे पूर्ण झाली की जबाबदारी स्थानिक शालेय जिल्ह्याकडे जाते आणि ती जास्तीत जास्त २१ वर्षांपर्यंत चालते. पालकांनी मुलाच्या मूल्यमापनाची मागणी लेखी करावी. संमतीवर सही झाल्यापासून साधारणतः ६० दिवसांत मूल्यमापन व्हावे, असा केंद्रीय नियम आहे. काही राज्यांची मुदत वेगळी असते. त्यानंतर मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा लिहिला जातो. वाचा-उपचार किती वेळ, व्यवसायोपचार किती, वर्गात मदतनीस हवा की नको, हे त्यात नमूद असते. त्यासाठी पालकांना शुल्क पडत नाही. बैठकीतील इंग्रजी समजत नसेल तर दुभाष्याची व्यवस्था शाळेने करायची असते. आराखडा मान्य नसेल तर दाद मागता येते. व्हिसा कोणता आहे, यावर सरकारी शाळेतील प्रवेश अवलंबून नसतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या ‘प्लायलर विरुद्ध डो’ या निकालात कागदपत्रे नसलेल्या मुलांनाही शाळा नाकारता येणार नाही, असे ठरवले.

शाळेबाहेरच्या उपचारांचा खर्च विम्यावर अवलंबून असतो. ऑटिझमच्या उपचारांना विमासंरक्षण द्यावे, असे कायदे सर्व ५० राज्यांत आहेत. परंतु अनेक मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांच्या विम्याचा पैसा स्वतःच उभारतात आणि अशा योजनांना राज्याचा कायदा लागू होत नाही. म्हणून नोकरी स्वीकारताना पगाराचा आकडा पाहतो त्याच बारकाईने, ‘विमा ऑटिझमचे उपचार देतो का’ हे लेखी विचारून घ्यावे.

इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने शिक्षण, आरोग्य आणि देखभाल यांचा एकत्रित आराखडा आणला. तो वयाच्या २५ वर्षांपर्यंत चालू शकतो आणि अर्जापासून २० आठवड्यांत पूर्ण व्हावा अशी मुदत आहे. प्रत्यक्षात निदानासाठीच दीर्घ प्रतीक्षा करावी लागते. म्हणून भारतातील तपासणीचे अहवाल सोबत असणे तिथे विशेष उपयोगी पडते.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया येथे प्रश्न शाळेच्या आधी, दारातच उभा राहतो. अर्जदाराच्या कुटुंबातील एखाद्या सदस्याचा सरकारी आरोग्यसेवेवर फार भार पडेल असे वाटल्यास कॅनडात कायम वास्तव्य नाकारता येते. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिलेविट्झ खटल्यात निकाल दिला, की अशा निर्णयात कुटुंबाची स्वतः खर्च करण्याची क्षमता व तयारी विचारात घेतलीच पाहिजे. २०१८ मध्ये सरकारने खर्चाची मर्यादा तिप्पट केली आणि विशेष शिक्षणाचा खर्च या हिशेबातून वगळला. ऑस्ट्रेलियातही खर्चाची मर्यादा असते. जुलै २०२४ मध्ये ती ८६,००० ऑस्ट्रेलियन डॉलर करण्यात आली. तिथे कायम वास्तव्याच्या अर्जात कुटुंबातील एक सदस्य आरोग्याच्या निकषात बसला नाही, तर सामान्यतः सर्वांचाच अर्ज अडकतो. शिवाय राष्ट्रीय अपंगत्व विमा योजनेचा लाभ प्रामुख्याने नागरिक आणि कायम रहिवाशांसाठी आहे. तात्पुरत्या व्हिसावरच्या कुटुंबाला उपचार स्वखर्चाने घ्यावे लागतात. वैद्यकीय तपासणीत निदान लपवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. लपवलेली बाब पुढे उघड झाली, तर संपूर्ण कुटुंबाचे वास्तव्य धोक्यात येते. असा अर्ज त्या देशातील अधिकृत स्थलांतर सल्लागारामार्फतच करावा.

निघण्यापूर्वी एक फाईल तयार करावी. निदानाचा अहवाल, ‘इसा’ या भारतीय ऑटिझम मापनश्रेणीचे गुण, वाचा-उपचारतज्ज्ञाच्या नोंदी, लसीकरणाची नोंद, बालवाडीच्या शिक्षिकेचे पत्र आणि मुलाच्या वागण्याची दोन-तीन मिनिटांची चित्रफीत, एवढे त्यात असावे. मराठी कागदाचे इंग्रजी भाषांतर जोडावे. परदेशात मूल्यमापन नव्याने होईलच, पण जुन्या नोंदी असल्या की मुलाची पूर्वीची स्थिती सिद्ध करावी लागत नाही. फाईलची एक प्रत रिसोडच्या घरीही ठेवावी.

दोन प्रश्न घरचे आहेत. पहिला भाषेचा. ‘मुलाशी फक्त इंग्रजीत बोला’ असा सल्ला अनेक पालकांना मिळतो. परंतु दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलाच्या भाषेचे नुकसान होते, असे संशोधनात आढळलेले नाही. आईला जी भाषा सहज येते, तीत ती मुलाशी अधिक बोलते. आणि आजीशी त्याचे नाते टिकण्यास तीच भाषा लागते. दुसरा प्रश्न आहाराचा. काही उपचारपद्धतींत मुलाने योग्य प्रतिसाद दिला की खाऊ दिला जातो. परदेशातील चघळण्याच्या गोळ्यांत पुष्कळदा प्राणिज जिलेटिन असते, केकमध्ये अंडे असते. काय चालते आणि काय नाही, याची यादी उपचारतज्ज्ञाला पहिल्याच दिवशी लेखी द्यावी आणि घरून कुरमुरे, राजगिऱ्याची चिक्की किंवा खाकरा पाठवावा. विनंती स्पष्ट असली की ती सहसा मान्य होते.

काही कुटुंबांना परतावे लागते, तर काही मुले मुळात इथेच असतात. त्यांच्यासाठीही मार्ग आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाले, तर ६ ते १८ या वयात जवळच्या किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. समग्र शिक्षा अभियानातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांची चौकशी तालुक्याच्या गट साधन केंद्रात करता येते. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य संरक्षण देते आणि त्यात नियमित उपचारांचाही समावेश आहे. मूल जन्माने परदेशी नागरिक असेल, तर या सवलती आपोआप मिळतील असे मात्र गृहीत धरू नये.

कराच्या बाबतीत १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०-डीडी व्यापारी घरांनी समजून घेण्यासारखे आहे. जुनी करप्रणाली निवडलेल्या रहिवासी करदात्याला अवलंबित दिव्यांगासाठी ७५,००० रुपये आणि ८० टक्के किंवा त्याहून अधिक तीव्र दिव्यांगत्वासाठी १,२५,००० रुपये वजावट त्यात आहे. आजोबांच्या वैयक्तिक विवरणपत्रात नातू अवलंबित ठरत नाही. परंतु अविभक्त कुटुंबाच्या विवरणपत्रात त्यावर अवलंबून असलेला कोणताही सदस्य चालतो. नवा कायदा आल्यावर कलमांचे क्रमांक बदलतात, म्हणून दरवर्षी आपल्या सनदी लेखापालाकडून खात्री करून घ्यावी.

सर्वांत कठीण प्रश्न मूल मोठे झाल्यावर येतो. भारतात वयाच्या १८ व्या वर्षानंतर आई-वडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. अमेरिकेत आई-वडिलांच्या व्हिसावर अवलंबून असलेला मुलाचा दर्जा २१ व्या वर्षी संपतो आणि जवळपास त्याच सुमारास शाळेची सेवाही संपते. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे थांबलेल्या भारतीय कुटुंबांनी ही तारीख मुलाच्या दहाव्या वर्षीच वहीत लिहून ठेवावी आणि वकिलाचा सल्ला तेव्हाच घ्यावा.

या सगळ्याला मोठा अडथळा ठरतो तो घरातला मौनाचा. बहिणीची सोयरीक अडेल, समाजात चर्चा होईल, या भीतीने निदान झाकले जाते. मग प्रमाणपत्र निघत नाही, प्रमाणपत्राविना हक्क मागता येत नाही, आणि जो चुलता किंवा मावशी मदतीला धावली असती, तिलाही काही कळत नाही. सोयरीक जुळवताना बाजाराची पत जशी पारखली जाते, तसे हेही पारखावे, की या घराने आपल्या सर्वांत अबोल सदस्याला कसे सांभाळले. ज्या घरात आजोबा स्वतः नातवाचे नाव घेऊन सांगतात, “आमचा मुलगा स्वमग्न आहे, त्याला मोठ्या आवाजाचा त्रास होतो, वहीपूजनाच्या दिवशी फटाके दुकानापासून दूर लावा,” त्या घरात परदेशी सुनेला अर्ध्या रात्री फोन करून रडावे लागत नाही. ती शाळेच्या बैठकीची तारीख सांगते, आणि इकडून कोणीतरी ती लिहून घेते.