क्षय न होण्याचे रहस्य

जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना क्षयजंतूंचा संसर्ग झालेला आहे. तथापि त्यांपैकी शंभरात ५ ते १० जणांनाच आयुष्यात कधीतरी हा रोग जडतो. उरलेल्यांचे रक्षण कोण करते?

या प्रश्नाचा एक धागा १९९६ साली पॅरिस येथे गवसला. तेथील तरुण बालरोगतज्ज्ञ ज्याँ-लोराँ कासानोव्हा व त्यांचे सहकारी ट्युनिशियातील एका अर्भकाच्या मृत्यूचा शोध घेत होते. कोट्यवधी बालकांना मानवलेल्या बीसीजी लशीतील दुर्बल जंतूंनीच त्याचा बळी घेतला होता. इंटरफेरॉन-गॅमा हे द्रव्य पेशींना जंतूंशी लढण्याचा निरोप देते. बाळाच्या पेशींत तो निरोप स्वीकारण्याची सोयच नव्हती. हा दोष माता व पिता या दोघांकडून आला होता. ते स्वतः मात्र निरोगी होते.

याच साखळीतील अन्य काही दोषांवर आता हेच द्रव्य औषध म्हणून देता येते. त्यासाठी निदान वेळेवर व्हावे लागते. सोयरिकीच्या चिंतेने घरातील आजार व बालमृत्यू झाकणाऱ्या कुटुंबांनी हे ध्यानी घ्यावे. नोंद दडवली, तर ताळेबंद चुकतो. डॉक्टरांपासून दडवली, तर बाळ गमावते.