वकीलपत्र कुणाचं घ्यायचं?

मेसच्या टीव्हीवर एखाद्या खटल्याची बातमी लागली की एक डायलॉग हमखास ऐकू येतो, "असल्याचं वकीलपत्र घेतातच कसे बे?" माझं मत स्पष्ट आहे. घ्यायलाच हवं. एका वकिलाचीच गोष्ट सांगतो.

शाहिद आझमी. मुंबईचा, गोवंडीच्या वस्तीत वाढलेला. साधारण आपल्या वयाचा असताना टाडाखाली पकडला गेला. तिहार जेलमध्ये काही वर्षं काढली आणि तिथेच अभ्यास सुरू केला. (आपल्याला डोक्यावर पंखा असून एम-थ्री निघत नाही!) 2001 मध्ये सुटल्यावर कायदा शिकला आणि बॉम्बस्फोटाच्या खटल्यांत ज्यांच्याजवळ कुणी फिरकत नव्हतं त्यांची बाजू मांडू लागला. सात-एक वर्षांच्या वकिलीत 17 आरोपी निर्दोष सोडवले.

26/11 च्या खटल्यात त्याने फहीम अन्सारीचं वकीलपत्र घेतलं. आरोप असा, की हल्ल्यासाठी मुंबईचे नकाशे अन्सारीने हाताने काढून दिले, आणि त्यातला एक मारल्या गेलेल्या अबू इस्माईलच्या पँटच्या खिशात सापडला. आता इंजिनिअरच्या नजरेने बघा. पँट रक्ताने माखलेली, आणि खिशातल्या कागदावर ना रक्ताचा डाग, ना चुरगळल्याची खूण! एवढी विसंगती दिसली तर ओरलला एक्स्टर्नल आपलं जर्नल भिरकावून देईल. न्यायाधीश तहलियानींनाही तो पुरावा पटला नाही. 3 मे 2010 ला कसाब दोषी ठरला, अन्सारी या खटल्यातून सुटला. पुढे हायकोर्टात आणि 2012 मध्ये सुप्रीम कोर्टातही तेच कायम राहिलं.

निकाल ऐकायला आझमी नव्हता. 11 फेब्रुवारी 2010 ला कुर्ल्यातल्या त्याच्या ऑफिसातच त्याला गोळ्या घातल्या. वय 32.

कुणी म्हणेल, अन्सारी काय धुतल्या तांदळासारखा होता? नव्हता. बनावट कागदपत्रांबद्दल रामपूरच्या कोर्टाने त्याला 2019 मध्ये शिक्षा दिली. पण म्हणून 26/11 चा गुन्हाही त्याच्या गळ्यात बांधायचा का?

आणि हा प्रश्न आपण सोलापूरकरांनी तरी विचारू नये. चार हुतात्मा पुतळ्यांवरून आपण रोज जातो. धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली, ती पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली. सरकारी कागदावर तेही 'असलेच' होते.

आपल्या टेक्निकल इव्हेंटला दरवर्षी कंपन्यांचे मॅनेजर येतात. यंदा एखादा फौजदारी वकील बोलवा. पहिला प्रश्न मी त्या नकाशाचा विचारणार.