घरची बाग : गच्चीवरील सदाहरित झुडूप

उदकमंडलम्‌हून परतणारे पुष्कळ प्रवासी निलगिरीच्या तेलाबरोबर अझेलियाची एखादी कुंडीही घरी आणतात. चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये ती आली, की दोन-तीन महिन्यांत तिची पाने करपतात. पाणी कमी पडले असावे, असे वाटून गृहिणी अधिक पाणी घालते आणि रोप त्याहून लवकर मरते. दोष गृहिणीच्या हाताचा नव्हे, स्थळाचा आहे.

अझेलिया, ऱ्होडोडेंड्रॉन ही हीथ कुलातील झुडपे. नीलगिरीचा लाल फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन सुमारे २,००० मीटर उंचीवर, गवताळ माळावर आणि शोला वनांच्या कडेने वाढतो. या कुलाची मुळे केसांसारखी बारीक असतात. त्यांना आम्ल माती, थंड रात्र आणि चुन्याचा अंश नसलेले पाणी लागते. चेन्नईत मे महिन्याची रात्रही उकाड्याची असते आणि कूपनलिकेचे पाणी बहुधा जड. म्हणून ही झुडपे डोंगरावरच पाहावीत. रानातून उपटून तर मुळीच आणू नयेत.

मग साहुकारपेठेत गलाईच्या व्यवसायानिमित्त वसलेल्या मराठी कुटुंबाने गच्चीवर काय लावावे? इक्झोरा लावावा. हे कॉफीच्या कुळातील झुडूप दक्षिणेचेच आहे. तमिळ लोक यास वेट्चि म्हणतात. मुलांच्या तोंडी मात्र ‘इडलीपू’. प्राचीन तमिळ काव्यात शत्रूची गुरे हाकून नेण्यास निघालेले वीर हेच फूल धारण करीत. ऊन त्यास सोसते, पाने बारमाही हिरवी राहतात. परंतु माती मात्र त्यालाही हीथप्रमाणेच किंचित आम्ल हवी.

येथेच जॉर्ज टाउनची खरी अडचण आहे. तेथील जुन्या घरांच्या गच्च्या ‘मद्रास टेरेस’ पद्धतीच्या, म्हणजे लाकडी वाशांवर चुन्यात विटा बसवून केलेल्या असतात. कुंडीत चुन्याचे पोपडे पडले, वर जड पाणी मिळाले, की मातीतील लोह मुळांना घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. सोलापूर व मराठवाड्यातील चुनखडीच्या काळ्या मातीतही हेच घडते. कोकणच्या जांभ्या मातीत सहसा घडत नाही.

उपाय सोपे आहेत. एक फूट व्यासाच्या कुंडीत दोन भाग तांबडी माती, दोन भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग मुरलेले शेणखत व एक भाग नदीची वाळू भरावी. समुद्राची वाळू खारट असते. ती वापरू नये. राख आणि अंड्याची टरफले इतर झाडांस द्यावीत, यास नव्हे. पाने पिवळी दिसताच एक लिटर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस विरघळवून मातीत घालावा. पिठ्या ढेकूण दिसल्यास साबणाच्या सौम्य पाण्याने फांद्या धुवाव्यात. फुले शेंड्यावर येतात. म्हणून बहर ओसरल्यावरच हलकी छाटणी करावी.

पावसाचे पाणी हे तर उत्तम औषध. तमिळनाडूत २००३ पासून इमारतींना पर्जन्यजलसंचयाची व्यवस्था सक्तीची आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर या पावसाळ्यात पहिल्या सरींचे पाणी वाहू देऊन पुढचे पिंपात साठवावे आणि झाकून ठेवावे, म्हणजे डासही होणार नाहीत.

एक गोष्ट विसरू नये. जुन्या गच्चीच्या मधोमध जड कुंड्यांची रांग लावणे धोक्याचे आहे. ओल झिरपून वासे कुजतात आणि भार असह्य होतो. कुंड्या खालच्या भिंतींच्या रेषेवर, विटांवर उचलून ठेवाव्यात व त्यांखाली ताटल्या द्याव्यात. झुडूप गेले तर दुसरे लावता येते. छप्पर मात्र खाली राहणाऱ्यांच्या डोक्यावर असते.